शाळा व्यवस्थापन समिती: पालक सदस्यांचे नेहमीचे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी दोन मुदती समितीवर होते, त्यातली एक अध्यक्ष म्हणून. त्या चार वर्षांत आणि त्यानंतरही इतर शाळांमधल्या पालकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. रोख महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या पहिली ते आठवीच्या शाळांवर आहे. खासगी शाळांसाठी शेवटाकडे एक प्रश्न घेतला आहे.

ही समिती आली कुठून? पूर्वीचं शिक्षण मंडळ ते हेच का?

नाही. नगरपालिका-महानगरपालिकांची शिक्षण मंडळं १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालची होती आणि सगळ्या शहरासाठी एकच मंडळ असे. शाळा व्यवस्थापन समिती त्या त्या शाळेची असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या कलम २१मध्ये या समितीची तरतूद आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं आणि आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, ही तिची कायद्याने ठरवून दिलेली कामं आहेत. म्हणजे शाळेवर लक्ष ठेवणं ही पालकांना मिळालेली सवलत नाही, ते त्यांचं काम आहे.

समितीवर कोण असतं?

किमान पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. उरलेल्या पाव भागात स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी, एक शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. निवड पालक सभेत होते, मुदत दोन वर्षांची.

पालक सभा खरोखर झाली का, एवढं नक्की विचारा. बऱ्याच ठिकाणी नावं आधीच ठरलेली असतात आणि आयांना घरी निरोप जातो, "तुमचं नाव टाकलंय, सही करून जा."

मी सातवीपर्यंतच शिकले. मला काय कळणार?

शाळेच्या नळाला पाणी येतं की नाही हे कळायला पदवी लागत नाही. आमच्या समितीत सगळ्यात उपयोगी पडलेल्या ताई शेतमजुरी करायच्या. मुलीला सोडायला यायच्या तेव्हा दहा मिनिटं शाळेभोवती फेरी मारायच्या आणि बैठकीत सांगायच्या, "मागच्या भिंतीची ओल हातभर वर सरकलीय." पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी त्या भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवली होती. दीड महिन्याने ओल त्या रेघेच्या वर गेली, तेव्हा शाखा अभियंत्यांना दाखवायला आमच्याकडे तेवढा एक पुरावा होता. तो पुरला.

इमारतीत नेमकं काय पाहायचं?

कायद्याच्या परिशिष्टातच यादी आहे: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांच्यासाठी एक खोली, अडथळ्याविना आत येण्याची सोय, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, सर्वांना पुरेसं सुरक्षित पिण्याचं पाणी, आहार शाळेत शिजत असेल तर स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण. ही यादी कागदावर उतरवून घ्या आणि मुख्याध्यापकांसोबत एकदा सगळी शाळा फिरा.

पण यादीत टिकमार्क झाली म्हणजे पाहणी झाली असं नाही. वर बघा. स्लॅबचा गिलावा फुगलाय का, सळई उघडी पडून गंजलीय का, पत्र्याचे हुक ढिले झालेत का. गच्चीवर जायला वाट असेल तर पाणी साचतं तिथे पाला अडकलाय का ते बघा. गळतीची अर्धी दुखणी तुंबलेल्या पन्हाळीतून सुरू होतात. विजेचा मेन स्विच मुलांच्या हाताला लागतो का, उघड्या वायरी आहेत का. आवारातली पाण्याची टाकी किंवा विहीर झाकलेली आहे का. कुंपणाची भिंतही हलवून बघा, मुलं तिच्यावर चढतात. मोठ्या शाळेत वर्गाचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं का आणि जिन्यात जुनी बाकं रचून ठेवलीत का, हे आवर्जून पाहा. २००४ साली तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळांच्या अग्निसुरक्षेसाठी निर्देश दिले. अग्निशामक नळकांडं भिंतीवर असतं, पण त्याची मुदत कोणी वाचत नाही. ती वाचा.

आणि एक कागद मागा: शाळेच्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. जागा कुणाच्या नावावर आहे आणि मैदान किती आहे, हे अतिक्रमण झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

एक वर्गखोली धोकादायक वाटते. समितीने काय करायचं?

सगळ्यात आधी मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, ग्रामपंचायतीची खोली, दोन वर्ग एकत्र, जे जमेल ते करा. खोलीला कुलूप लावा, दारावर "धोकादायक, प्रवेश बंद" असं लिहा आणि व्हरांड्याचा तेवढा भागही दोरी बांधून बंद करा.

मग त्याच दिवशी तातडीची बैठक बोलवा आणि ठराव करा. त्यात कोणती खोली, काय दिसलं, मुलांना कुठे बसवलं आणि काय मागणी आहे, हे सगळं तारखेसह यायला हवं. फोटो जोडा. हा ठराव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. पुढे बांधकाम विभागाचे अभियंते पाहणी करतात, आणि खोली दुरुस्तीपलीकडे गेलेली असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तयार होतो. निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय जुनी खोली पाडता येत नाही, आणि खोली हिशेबातून जात नाही तोवर नवीन खोलीची मागणी कमकुवत राहते. इथेच फायली वर्ष-वर्ष अडकतात. म्हणून प्रत्येक पत्राची पोच घ्या, आवक क्रमांक समितीच्या नोंदवहीत लिहा आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत "मागील पत्राची स्थिती" हा विषय पहिला घ्या. आम्ही एकाच खोलीसाठी सात पत्रं दिली. सहाव्या पत्रात आधीच्या पाचांचे आवक क्रमांक ओळीने लिहिले होते. त्यानंतर पंधरा दिवसांत पाहणी झाली.

ऑगस्ट २०१७मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेची खोली कोसळून तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेचं छप्पर पडून सात गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या, दोन्ही शाळेच्या वेळेतल्या. गिलाव्याचा तुकडा पडला की "झाडून घ्या" असं म्हणून विषय संपवणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन गावं सांगते.

स्वच्छतागृह आहे, पण मुली वापरत नाहीत. का?

आत जाऊन बघा. बाहेरून बघू नका.

आमच्या शाळेत अहवालावर मुलींचं स्वच्छतागृह "उपलब्ध व वापरात" असं होतं. मी आत गेले. दाराला आतून कडी नव्हती, कडीच्या जागी चार खिळ्यांची भोकं होती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. मैत्रीण गैरहजर असेल त्या दिवशी मुली जातच नव्हत्या आणि जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. सहावीतल्या एका मुलीने हे मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, चपलेच्या अंगठ्याने माती उकरत होती. कडी बसवायला एक तास लागला. ती तीन वर्षं बसली नव्हती.

कडी, बादली, मग, आत येणारं पाणी, दिवा किंवा झरोका, मोठ्या मुलींसाठी झाकणाची कचराकुंडी आणि सॅनिटरी पॅडची विल्हेवाट लावायची सोय, हे सगळं मोजा. रोज सफाई कोण करतं, हेही विचारा. ते काम मुलांकडून, त्यातही ठरावीक समाजाच्या मुलांकडून करून घेतलं जात असेल तर ते त्याच दिवशी थांबवा.

शाळेला पैसा किती येतो? आम्हाला हिशेब बघता येतो का?

बघता येतो, तो बघणं तुमचं कामच आहे. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून जास्त पटाला १ लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. या आकड्यांत वर्षभराचं वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती असं सगळं बसवायचं असतं, शिवाय पैसे उशिरा आणि तुकड्यांनी येतात. म्हणून मुख्याध्यापकांवर पहिल्याच बैठकीत संशय घेऊ नका. अनेक जण पदरचे पैसे घालून शाळा चालवतात.

पण कागद मागा. बँकेचं खातं समितीचं असतं, सह्या अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोघांच्या लागतात. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या पावतीवर सही करायची नाही, माणूस कितीही भला असला तरी. खर्चाची यादी शाळेच्या फलकावर लावायला सांगा. लोकवर्गणी घेतली असेल तर तिचीही पावती आणि नोंद हवी.

गणवेश समितीने घ्यायचा की वरून येतो?

समितीने. २०२४-२५ या वर्षी राज्य स्तरावरून एकच गणवेश द्यायचा प्रयत्न झाला, मापं चुकली, उशीर झाला, आणि डिसेंबर २०२४मध्ये हा अधिकार पुन्हा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. तेव्हा कापड हाताने चोळून बघा, मापं मुलांच्या अंगावर घ्या.

पोषण आहारावर लक्ष कसं ठेवायचं?

न सांगता जा आणि मुलांच्या पंगतीत बसून जेवा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. वाढण्याआधी मोठ्यांनी, त्यात एका शिक्षकाने, जेवण चाखायचं असतं आणि चव कशी होती ते नोंदवहीत लिहायचं असतं. नोंदवहीत महिनाभर एकाच शाईत, एकाच अक्षरात "चव उत्तम" लिहिलेलं दिसलं तर समजून घ्या.

तांदळाची गोणी जमिनीवर आहे की फळीवर, डाळीत किडे आहेत का, तेलाच्या पिशवीवरची तारीख, गॅसची नळी, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार मिळाला नाही तर राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची, असं २०१५च्या नियमांत आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन वेळेवर मिळतंय का हेही विचारा. ते थकलं की सगळ्यांत आधी मुलांच्या ताटावर परिणाम दिसतो.

गुरुजी वर्गावर नसतात. समिती त्यांना जाब विचारू शकते का?

आधी ते कुठे असतात ते शोधा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकीची अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं कलम २७ सांगतं. प्रत्यक्षात ऑनलाइन माहित्या भरण्यात त्यांचे तासचे तास जातात. अशा वेळी समितीने शिक्षकांच्या बाजूने ठराव करून वर पाठवावा. आम्ही केला, आणि शाळेत आमच्याकडे बघायची नजर बदलली.

कारण नसताना कोणी उशिरा येत असेल तर बैठकीत सभ्यपणे विचारा, नोंद करा, सुधारणा नसेल तर केंद्रप्रमुखांना लिहा. वर्गात घुसून मुलांसमोर आवाज चढवू नका. शिकवावं कसं, हा शिक्षकांचा प्रांत आहे. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली का, हे मात्र आपण मोजायचं.

"दोन फटके दिल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत" असं पालकच म्हणतात. मग?

कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. पालकांची संमती असली तरी बंदीच आहे. सगळ्यांसमोर जातीवरून, रंगावरून, बापाच्या दारूवरून बोलणं हेही त्यातच येतं.

लैंगिक अत्याचाराची शंका किंवा तक्रार आली तर?

इथे समितीने चौकशी करायची नाही. पुन्हा सांगते, चौकशी करायची नाही, बैठक घेऊन चर्चा करायची नाही, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला माहिती कळली त्याने ती पोलिसांना कळवायची असते. न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "शाळेचं नाव खराब होईल" किंवा "मुलीचं पुढे कसं होईल" असं म्हणणारा कोणीतरी नेहमी असतो. त्याचं ऐकू नका. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, तातडीची मदत ११२.

मुलाला एकदाच, शांतपणे ऐकून घ्या. "खरं सांगतेस ना?" असं विचारू नका. त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, वर्ग, घर, ओळख पटेल असं काहीही कुणाला सांगू नका, व्हॉट्सअॅपच्या गटावर तर अजिबात नाही.

काही घडण्याआधीचं काम मात्र समितीचंच आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघडकीस आल्यावर तक्रारपेटी, सीसीटीव्ही, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबद्दल शाळांना पुन्हा बजावण्यात आलं. तुमच्या शाळेत तक्रारपेटी कुठे टांगली आहे ते बघा. मुख्याध्यापकांच्या दालनाच्या दारावर असेल तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही. आम्ही ती पाण्याच्या टाकीजवळ हलवली, कारण तिथे प्रत्येक मूल रोज जातं आणि कोण कशासाठी गेलं हे कुणी बघत नाही. पहिल्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या आल्या. बहुतेक साध्या होत्या: मोठी मुलं डबा हिसकावतात, रिक्षात गर्दी असते. एक साधी नव्हती, आणि ती आम्ही वर सांगितलं त्या मार्गाने लगेच पुढे दिली.

मुलांच्या मनाचं काय? खेड्यातल्या शाळेत समुपदेशक कुठून आणायचा?

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांना निर्देश दिले. त्यानुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा मोफत क्रमांक १४४१६ आहे, तो फलकावर लिहा. पण बऱ्याचदा पहिली खूण वर्गातच दिसते: बोलकं मूल गप्प झालं, डबा न खाता परत नेऊ लागलं, सोमवारी गैरहजर राहू लागलं. ऊसतोड, स्थलांतर, घरातलं मरण, आईवडिलांचं वेगळं होणं, यांची माहिती शिक्षकांआधी गावातल्या पालकांना असते. ती हळूच शिक्षकांपर्यंत पोचवणं हे समितीतल्या आयाच करू शकतात.

शरीराचंही बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि संदर्भ चिठ्ठ्या, म्हणजे पुढे दवाखान्यात दाखवायच्या चिठ्ठ्या, देतं. त्या दप्तरातच राहतात. आमच्याकडे पाचवीतला एक मुलगा फळ्यावरचं उतरवून घेत नाही म्हणून आळशी ठरला होता. दप्तराच्या तळाशी आठ महिन्यांपूर्वीची चष्म्याची चिठ्ठी सापडली. तेव्हापासून तपासणीनंतरच्या बैठकीत आम्ही चिठ्ठ्यांची यादी वाचून कोण दवाखान्यात गेलं ते विचारायचो.

दिव्यांग मुलं शाळेत नाहीतच. रॅम्प कशाला?

रॅम्प नाही म्हणून ती घरी नसतील ना, हे आधी बघा. उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, आणि धरायला कठडा. उभा, गुळगुळीत, मुलांची घसरगुंडी झालेला रॅम्प केवळ अहवालापुरता असतो.

इतिवृत्त आयतं लिहिलेलं असतं, आम्ही फक्त सह्या करतो. हे चालतं?

नाही, आणि सगळं बिघडतं ते इथूनच. बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. चर्चा झाली तेवढंच लिहिलं जाईल, शेवटी मोठ्याने वाचून दाखवलं जाईल आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारून मगच सह्या होतील, असा ठराव पहिल्याच बैठकीत करा. वाचता येत नसेल तर "वाचून दाखवा" म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमचा विरोध असेल तर तोही नोंदवायला सांगा. बैठकीची वेळ मजुरीला जाणाऱ्या आयांना जमेल अशी ठरवा, नाहीतर निम्म्या महिला कागदावरच राहतात.

पट कमी आहे, शाळा बंद होईल असं ऐकतो.

पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. मुलं चालतील त्या वाटेचं अंतर मोजा, मधला ओढा आणि महामार्ग ठरावात लिहा, ग्रामसभेचाही ठराव घ्या.

आमची शाळा खासगी, विनाअनुदानित आहे. आम्हाला हे लागू आहे का?

कलम २१ची समिती विनाअनुदानित शाळांना लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार त्याची कार्यकारी समिती, जिच्यासमोर फीचा प्रस्ताव यावा लागतो. अल्पसंख्याक शाळांचे नियम वेगळे आहेत. पॉक्सो, अग्निसुरक्षा आणि इमारतीची सुरक्षितता मात्र कुठल्याही शाळेला चुकत नाही.

शाळा ऐकत नाही. तक्रार कुठे करायची?

लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. कलम ३२ प्रमाणे त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. त्याआधी एकदा मुख्याध्यापकांशी समोर बसून बोला.

आमची मुदत संपत आली. पुढच्या समितीला काय द्यायचं?

ठरावांची वही, पाठवलेल्या पत्रांच्या पोचा, चालू असलेल्या प्रस्तावांचे आवक क्रमांक, बँकेचं पासबुक आणि शाळा विकास आराखड्याची प्रत. शिवाय नव्या सदस्यांना एकदा शाळेभोवती फिरवून आणा. मी पायउतार होताना नवीन अध्यक्षांना घेऊन मुलींच्या स्वच्छतागृहात गेले आणि कडी लावून दाखवली. नंतर मागच्या भिंतीकडे नेलं. कोळशाची रेघ पुसट झाली होती, म्हणून तिच्यावरून पुन्हा एकदा कोळसा फिरवला आणि बाजूला तारीख घातली.